पाच वाड्यांच्या पाण्याची पानं

माणसाने कष्टाने मिळवलेलं ज्ञान पुढच्या पिढ्यांसाठी जपून ठेवण्याच्या कामी मी माझी उमेदीची वर्षं वेचली आहेत.

हे वाक्य माझं नाही. भोरमधल्या एका सत्काराच्या कार्यक्रमात सूत्रसंचालकाने ते माझ्याबद्दल उच्चारलं. माझ्याआधी शाल-श्रीफळ घेऊन खाली उतरलेल्या तिन्ही सत्कारमूर्तींबद्दलही त्याने थोड्याफार फरकाने हेच सांगितलं होतं. त्यांतले एक मंडप डेकोरेशनचा व्यवसाय करतात.

मी काय करतो ते एवढं मोठं नाही. प्रोग्राम लिहिणारे लोक प्रोग्राम लिहितात, पण तो वापरायचा कसा हे लिहून ठेवायचा त्यांना कंटाळा असतो. तो कंटाळा थोडा कमी व्हावा म्हणून आमचं एक साधन आहे. साध्या मजकुराच्या फायली त्याच्यापुढे टाकल्या की ते त्यांची अनुक्रमणिकेसकट नीटस माहितीपुस्तिका करून देतं. साधन ओपन सोर्स आहे, म्हणजे फुकट आहे आणि त्याचा कोड कुणालाही बघता येतो, बदलता येतो. बदलणारे थोडे असतात, बघणारे त्याहून थोडे. बाकीचे थेट तक्रार करतात.

ज्याने ते मुळात लिहिलं, तो एक दिवस दोन ओळींचा निरोप ठेवून गेला. त्याला आता मधमाश्या पाळायच्या होत्या. साधनाच्या किल्ल्या, म्हणजे बदल पक्के करायचा अधिकार, तिघांकडे आल्या. एक मी. दुसरी उत्तरेकडच्या एका थंड देशातली बाई, जिला मी कधी भेटलेलो नाही आणि जिच्याशी सख्ख्या भावापेक्षा जास्त बोलतो. तिसरे गृहस्थ कित्येक महिन्यांत काहीच बोललेले नाहीत. यादीत त्यांचं नाव पहिलं आहे.

हे सगळं मी भोरजवळच्या उत्रोलीतून करतो. पोटासाठी दुसरी कामं आहेत. सकाळचे दोन-तीन तास या साधनाचे. खिडकीबाहेर भाताची खाचरं आहेत. आळीत माझ्याबद्दल दोन मतं आहेत. एक, की मला पुण्यात नोकरी मिळाली नाही. दुसरं, की मिळाली पण टिकली नाही. दुसरं खरं आहे.

साधनाभोवती जे लोक जमतात त्यांना कम्युनिटी म्हणतात. आमची कम्युनिटी म्हणजे चर्चेचं एक पान. तिथे एकाला जे हवं ते दुसऱ्याला नको असतं, आणि दोघांनाही आपलं म्हणणं याच आठवड्यात पुरं व्हायला हवं असतं. निर्णय कसे घ्यायचे याचा नियम मधमाश्यावाला घालून गेला होता. बदलाची सूचना पानावर लावायची, तीन आठवडे थांबायचं, कुणी हरकत घेतली नाही तर बदल मंजूर. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नोटीस चिकटवतात तसंच. ती नोटीस जितके लोक वाचतात, तितकेच आमची वाचतात. तरी वर्षानुवर्षं आम्ही या नियमाने चाललो, आणि नियम चांगला आहे असं मी इतरांना समजावूनही सांगितलं.

वेल्ह्याच्या डोंगरात पाच वाड्या आहेत. वरच्या झऱ्याचं पाणी एका टाकीत धरलं आहे आणि तिथून पाइपने ते उतारावर खाली येतं. मोटार नाही, वीज नाही. उन्हाळ्यात झरा बारीक होतो, मग वाड्यांना पाळीने पाणी मिळतं, आणि पाळी म्हणजे कुणीतरी रोज वर जाऊन वॉल उघडायचे आणि बंद करायचे. योजनेचा नकाशा कार्यालयात आहे. त्यात पाइपलाइन सरळ जाते. जमिनीखाली ती कुठेच सरळ जात नाही. खडक लागला तिथे वळली, कुणी आपल्या बांधातून खोदू दिलं नाही तिथे वळली, आणि एके ठिकाणी पाइप कमी पडतील अशी भीती वाटली म्हणून जवळच्या वाटेने निघाली. ही वळणं, सगळे वॉल, कोणता आधी उघडायचा आणि कोणता किती आटे फिरवायचा, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं.

तो माणूस म्हणजे तिथले वॉलमन. शेळ्या राखणाऱ्या घरातले, साठीच्या आतबाहेर असलेले, काटक. सगळी पंचक्रोशी त्यांना मामा म्हणते, मीही. त्यांचा उजवा गुडघा संपला होता. डॉक्टरांनी तो बदलायला सांगितला होता आणि पुढे तीन महिने चढउतार बंद म्हणून बजावलं होतं. मामांची अडचण गुडघ्याची नव्हती, त्या तीन महिन्यांची होती. एकदा ते दोन दिवस लग्नाला गेले असताना दुसऱ्या कुणी पाणी सोडलं, वॉल उलट्या क्रमाने उघडले आणि मधल्या वाडीच्या वरचा सांधा उडाला. तेव्हापासून मामा लग्नाला जात नसत. गुडघा सुजला की वर जाताना काठी घेत, आणि खाली उतरताना मात्र अनेकदा बसून, हाताने सरकत येत. हे मी पाहिलेलं आहे.

त्या वाड्यांच्या ग्रामपंचायतीत संगणकावर दाखले काढून देणारी एक ताई आहे. ती भोरला एका प्रशिक्षणात मला भेटली आणि जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, "सर, तुमचं ते पुस्तक करायचं यंत्र पाण्याला चालंल का?"

चाललं. त्या उन्हाळ्यात आठवडाभर ती मामांबरोबर टाकीपासून शेवटच्या नळापर्यंत चालली. मामा बोलत, ती मोबाईलवर लिहून घेई, फोटो काढी. एका वॉलबद्दल मामांनी सांगितलं होतं की हा म्हातारा आहे, घाई केली की चिडतो. ताईने तसंच लिहिलं. मी ते बदलून 'हळू फिरवावा' असं केलं. तिने ते परत होतं तसं केलं, आणि मला न सांगता केलं. तिचं बरोबर होतं. हळू फिरवावा हे सगळ्याच वॉलना लागू आहे. चिडतो तो एकच.

अडचण एवढीच होती की टाकीपाशी मोबाईलला रेंज नाही, आणि वाटेवरही नाही. पण आमच्या साधनात एक जुनी सोय होती. सगळी पुस्तिका, फोटोंसकट, एकाच फाईलमध्ये बांधून मिळायची. तिला मी गठ्ठा म्हणतो. गठ्ठा एकदा मोबाईलवर टाकला की नेट लागत नाही. एका सकाळी ताईने गठ्ठा उघडला आणि मामा मागे तोंड मिटून उभे असताना, नुसती पानं वाचत पाचही वाड्यांची पाळी लावली. वरच्या वाडीच्या नळाला पाणी आल्याची हाक ऐकू आली, तेव्हा मामा एका दगडावर बसले आणि बराच वेळ गुडघा चोळत राहिले. मग म्हणाले, पुढच्या वर्षी गावची यात्रा झाली की ऑपरेशन करून घेतो.

हा एवढा भाग मी सत्काराच्या भाषणात सांगितला होता. पुढचा तेव्हा घडायचा होता.

गठ्ठ्याचा कोड जुनाट होता. तो दुसऱ्या एका प्रोग्रामच्या आधाराने उभा होता आणि त्या प्रोग्रामला त्याच्या कर्त्यांनी कधीच सोडून दिलं होतं. दर नव्या आवृत्तीला गठ्ठा कुठेतरी फुटायचा आणि मी तो शिवत बसायचो. थंड देशातल्या बाईंनी सुचवलं की ही सोय काढून टाकू. हल्ली नेट सगळीकडे असतं, पानं थेट तिथून यावीत. मी विरोध केला नाही. खरं सांगायचं तर मलाही सुटल्यासारखं वाटलं. हे कबूल करायला मला पुष्कळ दिवस लागले.

सूचना पानावर लागली. तीन आठवड्यांत हरकत आली नाही. पण मला नियमापेक्षाही चोख वागायचं होतं, म्हणून मी स्वतः वाडीवर गेलो. थंडीचे दिवस होते. नसरापूरवरून गाडी काढली आणि साडेदहाच्या सुमाराला मामांच्या ओसरीवर जाऊन बसलो. मामा होते, ताई आली, आजूबाजूची चार माणसं आली. मी नीट समजावून सांगितलं. नवी आवृत्ती येते आहे, गठ्ठा जाणार आहे, पानं आता नेटवरून येतील आणि नेहमी ताजी असतील. वर रेंज नाही हे मला माहीत होतं, पण टॉवर होणार आहे असं कुठेसं वाचलं होतं, तेही सांगितलं. मग विचारलं, कुणाची काही हरकत?

कुणी काही बोललं नाही. चहा आला. मामा शेळ्यांबद्दल थोडं बोलले. मी पुन्हा एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "बघू की." बारा वाजता मी निघालो. वाटेत नसरापुरात मिसळ खाल्ली, आणि घरी येऊन चर्चेच्या पानावर लिहिलं: स्थानिक वापरकर्त्यांना प्रत्यक्ष भेटून विचारलं, कुणाचीही हरकत नाही. त्याखाली तिघाचौघांनी अंगठे उठवले. अशा भेटी इतरांनीही घ्याव्यात, असं एकाने लिहिलं.

नवी आवृत्ती आली. गठ्ठा गेला.

यात्रा झाली आणि मामा पुण्याला दवाखान्यात जायला निघतील अशा बेताने मी दिवस मोजत होतो. महिन्याभराने, आता ते घरी आले असतील, पाय लांब करून पडले असतील, अशा हिशोबाने भेटायला गेलो. नसरापुरात मोसंबी घेतली. वाडीच्या अलीकडच्या चढावर मामा मला समोरून येताना दिसले. खांद्यावर पाना, हातात काठी. पाय पूर्वीइतकाच ओढत होते.

"ऑपरेशन?" मी विचारलं.

"ऱ्हायलं," ते म्हणाले आणि मोसंब्यांच्या पिशवीकडे बघून हसले.

काय झालं ते त्यांनी फारसं सांगितलं नाही. ओसरीवर गेल्यावर ताईला बोलावलं, तिने सांगितलं. यात्रेच्या आधी एक नवा वॉल बसला होता आणि पाळीचा क्रम बदलला होता. तिने पानं दुरुस्त केली, नव्या आवृत्तीतून पुस्तिका काढली, ग्रामपंचायतीत उघडून पाहिली. नीट उघडली, कारण तिथे रेंज आहे. जुना गठ्ठा आता चुकीचा झाला होता. तो वाचून कुणी भलता वॉल उघडू नये म्हणून तिने तो सगळ्यांच्या मोबाईलवरून पुसायला लावला. हे तिने अगदी योग्य केलं होतं. मामा दवाखान्यात दाखल झाले. ती सकाळी टाकीवर गेली, पान उघडलं, तर पांढऱ्या पडद्यावर एक गोल फिरत राहिला. खाली येऊन पान वाचून पुन्हा वर जायचं म्हणजे दोन तास, आणि नळांवर बाया हंडे लावून बसलेल्या. तिने आठवणीने वॉल उघडले. आठवण जुन्या क्रमाची होती. मधल्या वाडीच्या वरचा सांधा पुन्हा उडाला. मधल्या वाडीपासून खाली दोन दिवस पाण्याचा थेंब नव्हता. बाया ओढ्यातल्या डबक्यावरून पाणी आणत होत्या, जिथे जनावरं पितात. मामांना दवाखान्यात फोन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं ऑपरेशन होतं. ते खाटेवरून उठले, नर्सला जातो म्हणाले आणि एसटीने घरी आले. मग तोच गुडघा घेऊन वर चढले. सांधा बसवायला दिवस गेला.

"मला फोन का नाही केला?" मी ताईला विचारलं.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मग मी मामांना म्हटलं की थंडीत मी इथेच बसून हे सगळं सांगत होतो, तेव्हा तरी बोलायचं होतं.

"बोललो की," मामा म्हणाले. "समदी गप बसलो न्हवं?"

मी म्हटलं, मामा, गप्प बसणं म्हणजे हरकत नाही असाच अर्थ होतो.

"कुणाच्यात?"

त्यांनी हे चिडून विचारलं नव्हतं. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं की असे लोक कुठे असतात.

ताईला आता राहवलं नाही. "सर, साडेधाला आलाता तुमी. बारापतुर बसला. जेवून जावा म्हटलं का तुमाला कुणी?"

मी आठवून पाहिलं. नव्हतं म्हटलं. आतून मामींचा आवाज आला, त्या चुलीपाशी होत्या. "भाकरी थापल्या व्हत्या म्या. पिठलंबी झालं व्हतं. तरी न्हाई म्हटलं."

मला नसरापुरातली मिसळ आठवली.

त्या वाड्यांवर आल्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. गप्प बसतात, शेळ्यांचं बोलतात, 'बघू की' म्हणतात. आणि तरीही पाहुण्याला कळलं नाही तर भाकरी तयार असताना जेवायला थांबवत नाहीत. याच्यापुढे आणखी काय सांगायचं, असा त्यांचा समज. त्यांनी मला स्वच्छ शब्दांत नको म्हणून सांगितलं होतं आणि मी ते समजून गेलो असं धरून ते निश्चिंत होते. म्हणून तर ताईने नवी आवृत्ती बिनघोर वापरली. गठ्ठा आहेच, असं तिने गृहीत धरलं होतं. आणि मी काही परमुलखातला नाही. माझी आई उत्रोलीत हेच करायची. नको असलेलं स्थळ घेऊन कुणी आलं की ती फार गोड बोलायची आणि चहावर बोळवण करायची. तिच्या हाताखाली वाढलेला मी, चर्चेच्या पानावर इतकी वर्षं काढून, ही भाषा विसरलो होतो.

त्या दिवशी मला जेवायला थांबवलं. मी जेवलो. मामांनी पाय लांब करायचा प्रयत्न केला आणि तो मधेच सोडून दिला.

घरी येऊन मी चर्चेच्या पानावर घडलं ते लिहिलं. माझं जुनं वाक्य वर चिकटवलं आणि ते खोटं होतं असं लिहिलं. गठ्ठा परत आणावा, असं सुचवलं. थंड देशातल्या बाईंनी विचारलं, ही सोय किती जण वापरतात? प्रश्न रास्त होता. मी लिहिलं, पाच वाड्या आणि एक गुडघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं उत्तर आलं होतं. कोणता गुडघा, डावा की उजवा?

उजवा, मी कळवलं.

त्यानंतर आठवड्याभरात तिने गठ्ठ्याचा अर्धा कोड नव्याने लिहून पाठवला. तो सोडून दिलेला प्रोग्राम त्यात कुठेच नव्हता. उरलेला अर्धा मी लिहिला. तिचा अर्धा जास्त चांगला आहे.

या वेळी नवी आवृत्ती काढण्याआधी आम्ही ती मामांच्या हातात दिली आणि त्यांना टाकीपाशी बसवलं. मामांनी तीन चुका काढल्या. उन्हात अक्षर दिसत नाही. हात ओला असला की पान भलतीकडेच सरकतं. आणि काय करायचं ते आधी सांगता, कशाला हात लावायचा नाही ते शेवटी. तोवर माणूस हात लावून बसतो. तिन्ही आम्ही दुरुस्त केल्या. तिसरी आता जगभर ज्या कुणाच्या पुस्तिका या साधनातून निघतात त्यांना उपयोगी पडते: धोक्याचा मजकूर आपोआप पानाच्या माथ्यावर येतो. ज्यांनी हातभार लावला त्यांची नावं आमच्याकडे एका यादीत असतात, तिथे मामांचंही घालू म्हटलं, तर ते नको म्हणाले. हे त्यांनी तोंडाने सांगितलं, मी आता शिकतो आहे हे ओळखून. "नाव घातलं तर तुमच्या त्या थंड मुलकातलीबी पाणी मागायला येत्याल."

नियमही बदलायचा ठरला. त्यावर पानावर पुष्कळ खल झाला. एका विद्वानाने लोकशाहीतल्या मौनाच्या स्थानावर लांबलचक निबंध लिहिला. त्यात पाण्याचा उल्लेख नव्हता. शेवटी मी साधंसं सुचवलं. एखादी सोय काढायची असेल तर ती वापरणाऱ्या निदान एका माणसाला शोधावं आणि ती नसताना तो काय करेल हे त्याच्या शब्दांत लिहून आणावं. तसं लिहून आणता आलं नाही तर सोय राहील. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. हा मसुदा पानावर लावला. तीन आठवडे कुणी काही बोललं नाही, आणि तो मंजूर झाला.

दवाखान्याने मामांना पुढची तारीख दिली. तीन महिने ताईने रोज गठ्ठा वाचून पाणी सोडलं. नवा वॉल, जुने वॉल, चिडणारा वॉल, सगळे. एकदाही सांधा उडाला नाही. मामी सांगत होत्या की ते पहिले काही दिवस खाटेवर पडून पाण्याच्या वेळेला कान देत आणि नळ वाजला की डोळे मिटून घेत.

गुडघा आता उत्तम आहे. डॉक्टरांनी भरपूर चालायला सांगितलं आहे. त्यामुळे मामा रोज सकाळी टाकीपर्यंत चढून जातात आणि ताई वॉल बरोबर उघडते की नाही ते बघतात.